पहारेकरी गेला, खेळ अडला

मुलांनो, घरातली २००२ सालची खेळाची सीडी नव्या संगणकात घातली. ती फिरली, पण खेळ उघडेना. सीडी खराब झाली असेल का? बहुधा नाही!

त्या काळी अनेक सीडींवर ‘सेफडिस्क’ची, साध्या नकलेत सहसा न उतरणारी खूण असे. ती तपासणारा पहारेकरी-प्रोग्राम विंडोजच्या अगदी गाभ्यात बसे. पुढे त्यातच फट सापडली, आणि गाभ्यातली फट म्हणजे साऱ्या संगणकाचा ताबा! म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० ने त्याला थारा दिला नाही. त्याच सप्टेंबरात विंडोज ७ वरही तो बंद केला गेला. आता अस्सल सीडी ओळखणार कोण? पैसे मोजून घेतलेला खेळही अडतो तो असा.

काही खेळ ही तपासणी काढून पुन्हा विक्रीस आले. बाकीच्यांसाठी विंडोज एक्सपीचा जुना संगणक उपयोगी पडतो. मात्र त्याला इंटरनेट जोडू नका.