वाकडा पाय सरळ करताना : भाररेषेची पडताळणी

मुडदूस, जुना अस्थिभंग अथवा जन्मजात व्यंग यांमुळे पाय वाकडा झाल्यास शरीराचा भार गुडघ्याच्या एकाच बाजूवर पडतो व ती बाजू अकाली झिजते. म्हणून शस्त्रक्रियेचे यश पाय नुसता सरळ दिसण्यावर नव्हे, तर भाररेषेवर ठरते. खुब्याच्या सांध्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंतची ही रेषा निरोगी पायात गुडघ्याच्या मध्याच्या किंचित आतून जाते.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास उभे करून संपूर्ण पायाचा एक्स-रे घेतात. हाड कापून जुळविल्यावर, ते कायमचे पक्के करण्यापूर्वी, डायथर्मीची निर्जंतुक वायर या दोन बिंदूंवर ताणून धरतात. ती गुडघ्यावरून कोठून जाते, हे सी-आर्म यंत्राच्या पडद्यावर दिसते. त्या वेळी गुडघ्याची वाटी समोर हवी. पाय फिरल्यास रेषा फसवते. शिवाय निजलेल्या रुग्णाच्या पायावर भार नसतो. म्हणून पुढे उभ्याने पुन्हा एक्स-रे घ्यावाच लागतो.

या पडताळणीस काही मिनिटेच लागतात. उणीव टेबलावर ध्यानात आली तर तेथेच दूर होते. नंतर आली तर रुग्णास दुसऱ्या शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागू शकते. देणगीतून मिळालेल्या सी-आर्म यंत्राचे मोल ताळेबंदातील आकड्याहून अधिक आहे, ते याचसाठी.