गाविलगड : तोफांनी पडला नाही, पावसाने ढासळतो आहे

नागपूर : चिखलदऱ्याला जाणारा नागपूरकर पर्यटक भीमकुंड पाहतो, पंचबोल पॉइंटवर ‘ओ’ देतो, कॉफी पितो आणि परततो. गावापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या गाविलगडाकडे त्याची पावले क्वचितच वळतात. वास्तविक नागपूरकर भोसल्यांचे भवितव्य ज्या किल्ल्याच्या तटावर ठरले, तो हाच.

गवळ्यांची जुनी मातीची गढी म्हणून या स्थानाची ओळख होती. नावही त्यावरूनच पडले असे मानतात. दगडी किल्ल्याचे श्रेय बहमनी सुलतान अहमदशहा वली याला दिले जाते (१४२५). पुढे वऱ्हाडचा सुभेदार फतेउल्ला इमादउल्मुल्क याने १४८८ मध्ये त्याची डागडुजी केली आणि लवकरच अचलपूरला स्वतंत्र इमादशाही थाटली. हा फतेउल्ला मूळचा विजयनगरच्या ब्राह्मण घरातला, बालपणी युद्धात पकडला गेलेला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. किल्ल्याच्या दरवाजावर चोचीत हत्ती धरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरला आहे. विजयनगरशी नाते सांगणारे हे चिन्ह मुसलमान सरदाराच्या दरवाजावर पाहिले, की पाठ्यपुस्तकातील इतिहास किती सोपा करून सांगितलेला असतो ते जाणवते.

डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, गडाखाली येऊन ठाकला. तीन बाजूंनी कडे, फक्त उत्तरेला पठाराशी जोडणारी चिंचोळी वाट. त्या बाजूला तोफा नेण्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने सुमारे ५० किलोमीटर डोंगर-नाले तुडवीत अवजड तोफा हाताने ओढल्या. १५ डिसेंबरला बाहेरचा तट फुटला. आतला तट मात्र शिड्या लावून ओलांडावा लागला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन दुसऱ्या रघूजी भोसल्यांना कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले तेवढे त्यांच्याकडे राहिले.

म्हणजे आज दिसणारे भग्नावशेष हे वेलस्लीच्या तोफांचे काम नव्हे. १८५७ च्या उठावानंतर तात्या टोपे या किल्ल्याचा आश्रय घेतील, या धास्तीने इंग्रजांनी १८५८ मध्ये तटबंदी मोडून टाकली. तेव्हा जे उभे राहिले, त्याची झीज पाऊस आणि झाडे करीत आहेत.

ही प्रक्रिया साधी आहे. तटाचा माथा उघडा पडला की पाणी थेट भिंतीच्या पोटात उतरते आणि चुना धुपतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळ-उंबराचे बी त्या फटीत रुजते. वरून फांद्या छाटल्या तरी मूळ जिवंतच राहते आणि दगड अलग करीत जाते. मूळ समूळ काढून फट चुन्याने भरणे व माथा पाणी मुरणार नाही असा बंद करणे, हाच त्यावरचा उपाय. सिमेंट येथे चालत नाही. ते चुन्यापेक्षा कडक असते आणि ओल आतच कोंडून ठेवते.

अडचण वेगळीच आहे. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतही येतो. एकाला तटावरचे झाड शत्रू, तर दुसऱ्याला झाड तोडणे हाच गुन्हा. एकाच भिंतीवर १९५८ चा स्मारक कायदा आणि १९७२ चा वन्यजीव कायदा नांदत असताना दोन्ही खात्यांनी मिळून वर्षाचा आराखडा आखल्याखेरीज दुरुस्ती हंगामात होणे कठीण. जंगलाचे म्हणावे तर उपकारही आहेत. मैदानी किल्ल्यांना गिळणारी अतिक्रमणे येथे पोचली नाहीत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने १२ मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात ११ महाराष्ट्रातील, पण विदर्भातील एकही नाही. शिवकालाशी जोडलेल्या यादीत गाविलगड नसणे समजण्यासारखे आहे. परंतु राज्यात किल्ल्यांची चर्चा सह्याद्रीपाशीच संपते, याचे समर्थन कसे करणार?

चिखलदऱ्यात सर्वाधिक गर्दी पावसाळ्यात होते. नेमक्या त्याच चार महिन्यांत गडाच्या भिंती पाणी पीत असतात. दरवाजांवरील शिलालेखांची व गंडभेरुंडाची बारकाईने मापे आणि छायाचित्रे घेऊन ठेवणे, एवढे तरी दरवर्षी पहिल्या सरीपूर्वी करता येईल. त्यासाठी ना झाड तोडावे लागते, ना दगड हलवावा लागतो.