खाऊ आणि पथ्य : पाळीव चिंचिलाचा आहार

मराठीत ‘खाऊ’ हा मोठा जिव्हाळ्याचा शब्द आहे. जेवण भुकेसाठी असते, तर खाऊ कौतुकासाठी असतो. पाहुणा घरी येताना मुलांसाठी खाऊ आणतो, आजी डब्यातून हळूच खाऊ काढून देते. देणाऱ्याचे प्रेम आणि घेणाऱ्याचा आनंद या एका शब्दात सामावलेला आहे. घरात एखादा प्राणी आला की त्यालाही आपण याच मायेने खाऊ देऊ लागतो. परंतु माणसाच्या जिभेला जे रुचते ते प्राण्याच्या पोटाला मानवतेच असे नाही. कित्येकदा पाळीव प्राणी उपासमारीने नव्हे, तर लाडाने आजारी पडतात. चिंचिला नावाच्या एका लहानशा प्राण्याच्या उदाहरणावरून ही गोष्ट आपण प्रस्तुत पाठात समजून घेणार आहोत.

के. आर. पुरम म्हणजेच कृष्णराजपुरम हे बंगळुरू शहराच्या पूर्वेकडील गजबजलेले उपनगर होय. येथील मोठे रेल्वे स्थानक, त्याच्या शेजारी २००३ साली खुला झालेला तारांवर तोललेला पूल आणि २०२३ पासून व्हाइटफील्डकडे धावणारी मेट्रो यांमुळे या भागाचे रूप पालटले आहे. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेली अनेक कुटुंबेही बंगळुरूच्या या पूर्व भागातील सदनिकांमध्ये राहतात. सदनिकेत गायवासरू ठेवता येत नाही. मोठा कुत्रा ठेवणेही सर्वांना जमत नाही. म्हणून शहरांतील काही घरांत ससा, गिनीपिग यांसारखे छोटे प्राणी येतात, तर क्वचित एखाद्या घरात चिंचिलाही दिसतो.

चिंचिलाचे मूळ घर

चिंचिला हा उंदीर-खारींच्या कुळाशी नाते सांगणारा, कुरतडून खाणारा प्राणी आहे. त्याचे वजन साधारणपणे अर्धा किलो भरते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचे कोरडे, थंड आणि खडकाळ उतार हे त्याचे मूळ घर. तेथे हिरवळ फार थोडी. वाळके गवत, झुडपांची पाने आणि साली यांवर तो गुजराण करतो. त्याची लव इतकी दाट असते की एकेका रोमरंध्रातून पन्नासहून अधिक केस उगवतात. हेच सौंदर्य त्याच्या मुळावर आले. लोकरीसारख्या मऊ कातड्यासाठी त्याची बेसुमार शिकार झाली आणि रानातील चिंचिला नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचला. १९२३ साली मथायस चॅपमन या अमेरिकन खाण अभियंत्याने चिलीतून अकरा चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. आज घरोघरी पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्या अकरांचेच वंशज मानले जातात.

पिढ्या पालटल्या, देश पालटला. परंतु त्याचे पोट मात्र अँडीजच्या उतारावरचेच राहिले. त्याला काय द्यावे आणि काय देऊ नये, या प्रश्नाचे उत्तर या एका वाक्यात आहे.

दात आणि आतडी

चिंचिलाच्या तोंडात वीस दात असतात आणि ते सर्वच्या सर्व आयुष्यभर वाढत राहतात. राठ गवत तासन्‌तास चघळल्याने ते झिजतात आणि योग्य लांबीचे राहतात. मऊ पदार्थांनी पोट भरले तर चघळणे कमी होते, दात वाजवीपेक्षा लांब होतात, हिरड्यांना व गालाला टोचतात आणि अखेरीस प्राण्याला खाणेच अशक्य होते.

दुसरी गोष्ट आतड्यांची. गवतातील चोथा पचवण्यासाठी त्याच्या पोटात एक मोठी पिशवी असते. तीत असंख्य उपकारक जिवाणू राहतात. गवताचे पोषण त्याला या जिवाणूंच्या साहाय्यानेच मिळते. साखर किंवा पिठूळ पदार्थ एकदम पोटात गेले की जिवाणूंचा हा समतोल बिघडतो, वायू धरतो आणि आतड्यांची हालचाल मंदावते. चिंचिलाला उलटी करता येत नाही. त्यामुळे चुकीचा घास एकदा गिळला की तो बाहेर टाकण्याचा मार्गच उरत नाही.

शिधा कोणता आणि खाऊ कोणता?

आहाराचा विचार करताना शिधा आणि खाऊ यांत फरक केला पाहिजे. चिंचिलाचा शिधा म्हणजे स्वच्छ, वाळलेले गवत. टिमोथी नावाचे विदेशी गवत यासाठी प्रसिद्ध आहे. आपण जिला हरळी किंवा दूर्वा म्हणतो, त्या जातीचे वाळवलेले गवतही अनेक देशांत या प्राण्यांना घालतात. असे गवत त्याच्यापुढे अहोरात्र असावे. त्याच्या जोडीला चिंचिलासाठीच तयार केलेल्या गोळ्या रोज एक-दोन चमचे आणि सतत ताजे पाणी असले की त्याची गरज भागते. खाऊ नाही मिळाला तरी त्याचे काहीही अडत नाही. खाऊ ही आपली हौस असते, त्याची गरज नव्हे.

लसूणघास हे जनावरांचे उत्तम वैरण मानले जाते. मात्र त्यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. वाढत्या पिलांना किंवा गाभण मादीला ते उपयोगी पडते. पूर्ण वाढलेल्या चिंचिलाला रोज दिल्यास मूत्रखड्याचा धोका संभवतो. कर्नाटकात घरोघरी असणाऱ्या नाचणीलाही हेच लागू पडते. माणसासाठी ती गुणकारी असली तरी तिच्यातील पिष्ट आणि कॅल्शियम या लहान प्राण्याला सोसणारे नसते.

कोणता खाऊ चालतो?

चिंचिलाला सर्वांत मानवणारा खाऊ म्हणजे कुरतडण्यासाठी दिलेली काडी होय. सफरचंदाच्या किंवा तुतीच्या वाळलेल्या फांद्या यासाठी चांगल्या. बंगळुरूच्या आसपास, विशेषतः रामनगर, कोलार आणि शिडलघट्टा या रेशमाच्या पट्ट्यात, तुतीची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. त्यामुळे तुतीची काडी मिळवणे येथे कठीण नाही. मात्र तिच्यावर औषध फवारलेले नाही याची विचारपूस करावी. काडी घासून धुवावी, पूर्ण वाळवावी आणि मगच पिंजऱ्यात ठेवावी.

रसायनांशिवाय वाढवलेल्या गुलाबाच्या किंवा जास्वंदीच्या वाळलेल्या पाकळ्याही अधूनमधून देता येतात. घरच्या कुंडीतील फुले सावलीत वाळवून ठेवली तर उत्तम. बाजारात हारांसाठी विकली जाणारी फुले देऊ नयेत. कारण ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात आणि त्यांवर कीटकनाशकांचा अंश असू शकतो. साखर किंवा मीठ न घातलेले कोरडे ओट चिमूटभर दिले तरी चालतात. ताजी पालेभाजी द्यायचीच असेल तर ती पशुवैद्याच्या सल्ल्याने, स्वच्छ धुऊन, पाणी पूर्ण निथळवून, एखाददुसरे पान एवढीच द्यावी.

कोणता खाऊ टाळावा?

मनुका पाहताच चिंचिला धावत येतो. म्हणूनच अनेकांना तो उत्तम खाऊ वाटतो. प्रत्यक्षात मनुका, खजूर, केळे, आंबा अशा गोड फळांतील साखर त्याच्या पोटाला बाधते. शेंगदाणे, काजू, बदाम आणि सूर्यफुलाच्या बिया यांत तेल फार असते. पाव, बिस्किटे, चिवडा, दूध, दही आणि मिठाई तर मुळीच देऊ नये. कोबी व फुलकोबीने वायू धरतो. कांदा, लसूण, कच्चा बटाटा, चॉकलेट आणि अव्होकाडो हे पदार्थ घातक आहेत. बागेतील कण्हेर अत्यंत विषारी असल्याने तिची काडी चुकूनही पिंजऱ्यात जाऊ नये. लिंबूवर्गीय झाडांच्या, तसेच चेरी, जर्दाळू व प्लम यांच्या फांद्याही टाळाव्यात.

दुकानात छोट्या प्राण्यांसाठी रंगीबेरंगी मिश्र खाद्याची पाकिटे मिळतात. त्यांत बिया, मका आणि सुकी फळे असतात. प्राणी त्यातील गोड व तेलकट तेवढे वेचून खातो आणि चोथा तसाच टाकतो. पाकिटावर प्राण्याचे चित्र असले म्हणजे आतला पदार्थ त्याला हितकारक असतो असे समजू नये. घटकांची यादी वाचण्याची सवय येथे उपयोगी पडते.

थोडे म्हणजे किती?

‘एवढ्याशा तुकड्याने काय होते?’ असे आपण सहज म्हणतो. साधे त्रैराशिक मांडून पाहू. माणसाचे वजन साठ किलो आणि चिंचिलाचे अर्धा किलो धरले, तर माणूस त्याच्या एकशेवीस पट भरतो. पाच ग्रॅमचे एक बिस्किट चिंचिलाने खाणे म्हणजे माणसाने एका बैठकीत सहाशे ग्रॅम बिस्किटे खाण्यासारखे आहे. हे गणित ध्यानात आले की ‘एवढासा’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

म्हणून पाकळ्या वा ओट यांसारखा खाऊ आठवड्यातून एक-दोन वेळा, तोही चिमूटभरच द्यावा. सहा महिन्यांखालील पिलाला खाऊची सवय न लावणेच बरे. कोणताही नवा पदार्थ एकाच वेळी एकच द्यावा आणि पुढचे दोन दिवस लेंड्यांकडे लक्ष ठेवावे. रोजच्या गोळ्या बदलायच्या असतील तर जुन्यात नव्या मिसळत आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल करावा.

घरात माणसे अधिक असली की आणखी एक अडचण येते. आई एक तुकडा देते, मुलगा दुसरा देतो, दिवाळीला आलेले पाहुणे तिसरा देतात. प्रत्येकाला आपण थोडेच दिले असे वाटते. पण पोट मात्र एकाच प्राण्याचे असते. यावर सोपा उपाय असा, की आठवड्याचा सगळा खाऊ एका छोट्या डबीत काढून ठेवावा. ज्याला द्यायचा असेल त्याने त्यातूनच द्यावा. डबी रिकामी झाली की त्या आठवड्याचा खाऊ संपला.

ऋतुमानाचा विचार

चिंचिलाला उकाडा सोसत नाही. तापमान पंचवीस अंशांच्या वर गेले की त्याला त्रास सुरू होतो आणि पुढे उष्माघाताने मृत्यूही येऊ शकतो. बंगळुरूची हवा आल्हाददायक म्हणून प्रसिद्ध असली तरी मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा पारा तेहेतीस-चौतीस अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी दया येऊन कलिंगड किंवा काकडी देणे चुकीचे आहे. त्याऐवजी खोली थंड ठेवावी आणि बसायला गार ग्रॅनाइटची लादी द्यावी. पावसाळ्यात गवताला बुरशी लागते. कुबट वास येणारे गवत टाकून द्यावे.

धोक्याच्या खुणा

लेंड्या बारीक किंवा कमी होणे, पोट फुगणे, हनुवटी लाळेने ओली राहणे, डोळ्यांतून पाणी येणे, पाठीला बाक काढून कोपऱ्यात बसून राहणे या धोक्याच्या खुणा होत. प्राण्याने दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. घरात उरलेली प्रतिजैविके आपल्या मनाने देऊ नयेत. त्यांतील काही औषधे त्याच्या पोटातील उपकारक जिवाणूच मारून टाकतात आणि ते प्राणघातक ठरते. अशा प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य सर्वत्र नसतात. म्हणून प्राणी घरी आणण्यापूर्वीच त्यांचा शोध घेऊन ठेवावा. के. आर. पुरमहून बाह्य वर्तुळ मार्गाने हेब्बाळला जाता येते. तेथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा संस्थेत चौकशी करता येईल.

कायद्याचाही विसर पडू नये. रानातील चिंचिलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला ‘साइट्स’ कराराने मनाई केली आहे. प्राणी पाळीव पैदाशीचा असल्याची पावती घ्यावी आणि नोंदणीविषयी वन विभागाकडे विचारणा करावी. चिंचिला दहा ते वीस वर्षे जगू शकतो. एवढ्या काळाची जबाबदारी पेलेल का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

ससा किंवा गिनीपिग पाळणाऱ्यांनाही यातील बराच भाग उपयोगी पडेल. त्यांचाही मुख्य शिधा गवत हाच आहे. गिनीपिगला मात्र ‘क’ जीवनसत्त्व आहारातूनच मिळावे लागते, एवढा भेद लक्षात ठेवावा. प्रत्येक जिवाचे पथ्य निराळे असते. मुका प्राणी आपले पथ्य सांगू शकत नाही आणि पुढे केलेला गोड घास नाकारूही शकत नाही. तेव्हा त्याच्या वतीने ‘नको’ म्हणणे हे आपलेच काम आहे.

स्वाध्याय

१. शिधा आणि खाऊ यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. चिंचिलाला गोड पदार्थ का मानवत नाहीत, याची दोन कारणे लिहा.
३. ‘अति तेथे माती’ ही म्हण या पाठाला कशी लागू पडते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या पाळीव प्राण्याला लोक काय खायला घालतात याचे निरीक्षण करा आणि त्याची नोंद ठेवा.