चाकणची बुटकी सेडान आणि वळणाचं गणित

कर वाचवण्यासाठी जिची डिकी आखडती घेतली, ती गाडी रेसच्या ट्रॅकवर शोभेल असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. फोक्सवॅगनची अमियो २०१६ साली आली ती खास भारतासाठी. चार मीटरच्या आतली लांबी आणि लहान इंजिन असलं की आपल्याकडे कर कमी बसतो. त्या हिशेबापायी कंपनीच्याच पोलो या हॅचबॅकच्या मागे एक तोकडी डिकी जोडली आणि गाडी ३,९९५ मिलिमीटरांत बसवली. पेट्रोल इंजिन १.२ लिटरचं, तीन सिलिंडरचं, ७५ अश्वशक्तीचं. मागच्या सीटवर आई-बाबा आणि डिकीत गावाकडचे तांदूळ, एवढ्याच बेताची गाडी ती. आणि २०१७ मध्ये हीच अमियो १.८ लिटरचं टर्बो इंजिन, २०५ अश्वशक्ती, सहा गिअरांचा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स, आत रोल केज आणि मागे पंख लावून शर्यतीला उभी राहिली.

हे एका रात्रीत झालेलं नव्हतं. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी कंपनीने पोलो कप भरवला, तोही डिझेल गाड्यांचा. पुढे पेट्रोल पोलो, २०१५ मध्ये व्हेंटो, मग अमियो. या शर्यतींत सगळ्यांच्या गाड्या सारख्या असत. इंजिन सारखं, टायर सारखे. पैसेवाल्याने जादा ताकद विकत घ्यावी ही सोयच नव्हती. मग एक जण पुढे आणि दुसरा मागे का राहतो? उत्तर बहुतेक वेळा वळणात सापडतं.

आपल्याकडे गाडीची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न ‘किती पळते?’ हाच असतो. ट्रॅकवर हा प्रश्न फार तर सरळ पट्ट्यापुरता. बाकी सगळा खेळ चार टायर जमिनीला किती धरून ठेवतात याचा, आणि प्रत्येक टायरचा जमिनीला टेकणारा भाग असतो जेमतेम तळहाताएवढा.

ठाणे जिल्ह्यातल्या अंबाडीहून वज्रेश्वरी-अकलोलीकडे निघालेल्या भरल्या जीपमध्ये कधी बसला असाल, तर वजन कसं सरकतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वळण आलं की माणसं, पिशव्या आणि जीप, सगळेच बाहेरच्या बाजूला कलंडतात. त्यावरून एक समज पक्का होतो: गाडी झुकली नाही म्हणजे वजन सरकलं नाही. तो चुकीचा आहे. हजार किलोची गाडी घ्या. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटीमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १५० सेंटीमीटर. वळणात तिच्या वजनाइतकाच जोर आडवा लागला, तर सुमारे ३३३ किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे होते, आता बाहेर ८३३ आणि आत १६७. स्प्रिंगा दगडासारख्या कडक केल्या तरी हा आकडा जवळपास तोच राहतो. तो कमी करायचा तर गाडी खाली बसवा, रुंद करा, नाहीतर हलकी करा. म्हणून रेसच्या गाडीतून मागची सीट, गालिचे, अस्तरं सगळं निघतं आणि ड्रायव्हर जमेल तितका खाली बसतो.

सरकलेल्या भाराने बिघडतं काय? टायरवर दुप्पट भार टाकला तर त्याची पकड वाढते खरी, पण दुप्पट होत नाही. म्हणजे बाहेरच्या टायरने जितकं कमावलं त्याहून जास्त आतल्याने गमावलेलं असतं.

आता अमियोची खरी अडचण. ती पुढच्या चाकांनी चालणारी, इंजिनही पुढेच. वळवायचं, ओढायचं आणि थांबवायचं बहुतेक काम त्याच दोन टायरांना. ते थकले की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी वळणाच्या बाहेर सरळ सरकत जाते. हा अंडरस्टिअर. त्यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो: पुढचा भाग सुधारायचा तर मागचा कडक करा. मागचा अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं झुकणं रोखणारा दांडा, जाड केला की सरकणाऱ्या भारातला मोठा वाटा मागचं टोक उचलतं आणि पुढच्या टायरांवरचा ताण हलका होतो. अशा गाड्यांचे वळणातले फोटो पाहा, आतलं मागचं चाक चक्क हवेत असतं. नवख्याला वाटतं आता उलटणार. खरं तर गाडी ठरवल्याप्रमाणे वागत असते.

पण मागचा भाग असा कडक केला की मागचं टोक घसरायला मोकळं होतं, आणि त्याची किंमत वेगवान वळणात मोजावी लागते. घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गर्रकन फिरते. चपळपणा आणि स्थिरता यांचं हे भांडण कुठल्याच सेटअपमध्ये मिटत नाही. मागचा पंख इथे मदतीला येतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी ८० ला पंख जेवढा दाबतो त्याच्या चौपट १६० ला. हळू वळणात तो जवळजवळ शोभेचा, वेगात मात्र मागच्या चाकांचा आधार.

हा तोल ट्रॅकप्रमाणे बदलावा लागतो. कोइम्बतूरजवळचा कारी हा ट्रॅक रेसर एस. करिवर्धन यांच्या नावाचा, जेमतेम दोन किलोमीटरचा, वळणावळणांचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, त्यात किलोमीटरभराचा सरळ पट्टा. कारीवर मागचं टोक जितकं मोकळं चालतं, तितकं बुद्धवर अंगावर येतं. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई या दोघांच्या मधला. तिन्ही महाराष्ट्राबाहेर, ही चाकणच्या गाडीची गंमत. आपल्याकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या ड्रॅग रेस गाजल्या, पण तिथे वळणच नसतं.

अपवाद कोल्हापूरचा. तिथल्या मोहिते मंडळींनी गो-कार्टचा ट्रॅक उभारला आणि त्याच घरातला ध्रुव मोहिते पुढे अमियो कपमध्ये धावला. कार्टमध्ये वाढलेल्या मुलाला तीन चाकांवर वळणारी गाडी नवी नसते. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियल नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर जखडलेली. आतलं चाक क्षणभर उचललं तरच ती वळते. मोठ्या गाडीत इंजिनिअर जे बार बदलून साधतो, ते कार्टवाला पोरगा आधीच कमरेने शिकलेला असतो.

आपलीच गाडी घेऊन ट्रॅकवर जायची हौस असलेल्यांचे पैसे मात्र पहिल्यांदा इंजिनात जातात, आणि माझ्या मते तिथेच वाया जातात. आधी ब्रेकचं ऑइल आणि पॅड, कारण ब्रेक तापून पेडल मऊ पडलं की बाकी सगळं व्यर्थ. मग टायर आणि त्यातली हवा. तापल्यावर दाब चढतो, म्हणून थंड टायरमध्ये थोडी कमी भरतात आणि ट्रॅकवरून आत आल्याबरोबर गरम असतानाच मोजतात. मग अलाइनमेंट. पुढची चाकं वरच्या बाजूने आत कलती ठेवली, म्हणजेच निगेटिव्ह कॅम्बर दिला, की गाडी झुकल्यावर बाहेरचं चाक जमिनीवर सपाट बसतं. रस्त्याच्या गाडीत हा कल एखाद्या अंशाच्या आसपास, रेसमध्ये तीनपर्यंत जातो. शॉकअप आणि बार त्यानंतर. अश्वशक्ती सगळ्यात शेवटी.

यातलं बरंचसं रस्त्यावर चालत नाही. तीन अंश कलवलेल्या चाकांनी सरळ महामार्ग कापला तर टायरची आतली कड खाल्ली जाते. कडक स्प्रिंगा भिवंडी-वाडा रस्त्याच्या खड्ड्यांत चाक जमिनीवर टिकूच देत नाहीत, म्हणजे ज्या पकडीसाठी बसवल्या तीच जाते. म्हणून मुरलेले लोक गाडी ट्रकवर चढवून कोइम्बतूरला नेतात, नाहीतर परतल्यावर पहिला फेरा अलाइनमेंटवाल्याकडे मारतात.