सर्पदंश : साप नव्हे, रुग्ण ओळखा

परिचारिका, आरोग्यसेवक किंवा रुग्णवाहिकेवरील सहायक होऊ पाहणारे आपले विद्यार्थी नेहमी विचारतात, साप कोणता ते कळल्याशिवाय उपचार कसा करायचा? आम्ही म्हणतो, साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. महाराष्ट्रात माणसे दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषाने, आणि घोड्याच्या रक्तापासून बनविलेली एकच लस या चारही विषांवर चालते. प्रश्न इतकाच, की विष अंगात भिनले आहे का?

घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. शिरेतून काढलेले २ मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या, शक्यतो नव्या नळीत घालून २० मिनिटे अजिबात हलवू नये. मग नळी एकदाच तिरपी करावी. रक्त पाण्यासारखे वाहिले तर लस हवी. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर धडधाकट माणसाचेही रक्त गोठत नाही. चूक बहुधा येथेच होते.

मण्यारीची गोष्ट निराळी. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. ऊसतोड कामगारांच्या खोपटात खाट कोठली असणार? जखम दिसत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, आणि घरचे अपचन समजतात. पुढे पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, मग श्वास मंदावतो. म्हणून पावसाळ्यात पहाटे पोटदुखीचा रुग्ण आला तर त्याच्या पापण्या पाहाव्यात, आणि तो कोठे झोपला होता हे विचारावे. श्वास थांबू लागल्यास हाताने दाबायच्या श्वासपिशवीने तो चालू ठेवावा. अशी माणसे वाचतात.

जखम कापणे, चोखणे नको. अंगठी, बांगड्या काढाव्यात, हातपाय फळी बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये. घरच्यांनी करकचून दोरी बांधली असेल तर वाटेत एकदम सोडू नये. डॉक्टरांसमोर, लस सुरू झाल्यावर सोडावी. साठलेले विष एकाच वेळी अंगभर जाते.

लस साधारणतः १० कुप्यांपासून सुरू करतात. लहान मुलालाही तेवढीच, कारण सापाने विष काही वय पाहून सोडलेले नसते. लसीने पुरळ, खाज किंवा धाप सुरू होऊ शकते. तेव्हा डॉक्टरांना हवे असते ते अॅड्रिनॅलिन. त्याची सिरिंज लस लावण्यापूर्वीच भरून ट्रेमध्ये ठेवलेली असावी.