हिरवळ-फवारणी यंत्राचे अंशशोधन

हिरवळ-फवारणी यंत्राचे अंशशोधन : चालकाने बसून चालवावयाच्या फवारणी यंत्रातून एक हेक्टर हिरवळीवर प्रत्यक्ष किती द्रव पडतो हे मोजणे व तो इष्ट प्रमाणात आणणे, या क्रियेस अंशशोधन म्हणतात. गोल्फची मैदाने, क्रीडांगणे व मोठी उद्याने यांच्या निगेत अशी यंत्रे वापरतात. तणनाशकाची वा कवकनाशकाची मात्रा क्षेत्रफळावर ठरलेली असते, टाकीतील पाण्यावर नव्हे. त्यामुळे मिश्रण कितीही काटेकोरपणे केले, तरी अंशशोधनावाचून मात्रा अंदाजानेच पडते. ती जास्त झाल्यास गवत करपते आणि अतिरिक्त रसायन पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत जाते. कमी झाल्यास तण वा रोग टिकून राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७२ मधील कायद्याच्या दुरुस्तीनुसार वेष्टनावरील मात्रेपेक्षा अधिक मात्रा वापरणे बेकायदेशीर आहे.

फवाऱ्याचे प्रमाण तीन राशींवर अवलंबून असते : नोझलाचा प्रवाह, यंत्राचा वेग आणि आडव्या दांडीवरील नोझलांमधील अंतर.

लि./हेक्टर = ६०० × प्रवाह (लि./मिनिट) ÷ [वेग (किमी./तास) × अंतर (मी.)]

वेग मोजण्यासाठी ३० मी. अंतर आखून, टाकी निम्मी भरून, यंत्र प्रत्यक्ष हिरवळीवर चालवितात. काँक्रीटच्या रस्त्यावर घेतलेली चाचणी जवळजवळ निरुपयोगी होय. कारण गवतावर चाके थोडी घसरतात व रुततात. हे अंतर १८ सेकंदांत काटले, तर वेग ताशी ६ किमी. येतो. नंतर यंत्र उभे करून, दाब कामाच्या वेळी असतो तेवढाच ठेवून, प्रत्येक नोझलाखाली एक मिनिट मोजपात्र धरतात. सरासरी प्रवाह ०·८ लि. व अंतर ०·५ मी. असल्यास प्रमाण हेक्टरी १६० लि. होते. २०० लि.ची टाकी १·२५ हेक्टरला पुरते. हेक्टरी २ लि. औषध द्यावयाचे असल्यास टाकीत २·५ लि. औषध घालावे लागते. वेग ताशी ५ किमी.पर्यंत उतरला, तर त्याच टाकीतून हेक्टरी २·४ लि. औषध पडते. चढावर असे सहज घडते आणि चालकाच्या ते ध्यानातही येत नाही.

एखाद्या नोझलाचा प्रवाह नव्या नोझलापेक्षा १० टक्क्यांहून अधिक वाढला असेल, तर ते झिजले असे समजून बदलतात. तुंबलेले नोझल तारेने साफ करू नये. छिद्राचा आकार बिघडतो.

प्रमाण बदलण्यासाठी दाब वाढविणे हा सर्वांत सोपा वाटणारा, परंतु सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग आहे. प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे तो दुप्पट करावयाचा तर दाब चौपट करावा लागतो. तेवढ्या दाबाने थेंब अतिसूक्ष्म होऊन वाऱ्याबरोबर शेजारच्या फुलझाडांवर जातात. मोठा बदल हवा असल्यास नोझल किंवा वेग बदलणे योग्य. वेगानुसार दाब आपोआप बदलणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक याच नियमाने बांधलेले असतात. शिवाय त्यांच्या वेगमापकाचे व प्रवाहमापकाचेही अंशशोधन करावे लागते.

अमेरिकेत आकडेमोड टाळणारी एक युक्ती रूढ आहे. तेथील एका गॅलनमध्ये १२८ द्रव औंस असतात आणि एकराचा १२८ वा भाग सु. ३४० चौ. फूट भरतो. तेव्हा एका नोझलाच्या पट्ट्यातील ३४० चौ. फूट क्षेत्र पार करण्यास यंत्राला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात त्या नोझलातून जमा होणारे औंस म्हणजेच एकरी गॅलन. नोझलांमधील अंतर २० इंच असेल, तर हा पल्ला २०४ फूट येतो.

हे सर्व मोजमाप साध्या पाण्याने करतात. द्रवरूप खते पाण्यापेक्षा जड असल्याने त्यांचा प्रवाह कमी भरतो. १·२८ सापेक्ष घनतेच्या खताचा तो सु. १२ टक्क्यांनी कमी असतो. पाण्यावर काढलेला आकडा अशा वेळी घनतेच्या वर्गमूळाने भागून घ्यावा लागतो.