प्रतिमा-संपादनात फाईल जतन न होणे : कारणे आणि निदान

हस्तलिखितांच्या छायाप्रतींवर संगणकाच्या साहाय्याने काम करणाऱ्या अभ्यासकाला एक अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. डाग पुसून, फिकट अक्षरे उठावदार करून झाल्यावर फोटोशॉपसारखा प्रोग्राम ‘फाईल जतन करता आली नाही’ असे कळवतो आणि कारण मात्र पुष्कळदा मोघम शब्दांत सांगतो. अशा वेळी संदेशाच्या शब्दांपेक्षा जतन करण्याच्या क्रियेचे स्वरूप ध्यानात घेणे अधिक फलदायी ठरते.

संपादन चालू असताना केलेले बदल संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतात. जतन करणे म्हणजे प्रतिमा विशिष्ट फॉरमॅटमध्ये मांडून डिस्कवरील विशिष्ट जागी लिहिणे होय. अर्थात्, दोष मुख्यतः दोन ठिकाणी संभवतो : मांडणीत किंवा जागेत. तो कोठे आहे हे ठरविण्याची कसोटी सोपी आहे. प्रोग्राम बंद न करता तीच प्रतिमा, त्याच फॉरमॅटमध्ये पण नव्या नावाने, संगणकाच्या अंतर्गत डिस्कवरील स्वतःच्या फोल्डरमध्ये जतन करून पाहावी. ती झाली, तर दोष जागेचा. न झाली, तर बहुधा मांडणीचा. प्रोग्राम आधीच बंद केल्यास निदान राहतेच, शिवाय केलेले कामही हातचे जाते.

जागेचे दोष सामान्यतः साधे असतात. मूळ फाईल केवळ वाचनासाठी खुली असते, फोल्डरमध्ये लिहिण्याची अनुमती नसते, किंवा दुसऱ्या प्रोग्रामने ती फाईल उघडून धरलेली असते. पेन ड्राइव्ह ‘फॅट 32’ पद्धतीचा असेल, तर तो निम्मा रिकामा असूनही 4 जीबीची एक फाईल त्यावर मावत नाही. फोटोशॉप तात्पुरत्या कामासाठी वापरते ती डिस्क भरली असेल, तर मात्र वरील कसोटीही फसते. तेथे प्रथम जागा मोकळी करावी लागते.

मांडणीचे दोष अधिक विचारार्ह आहेत. पीएसडी फॉरमॅटला प्रत्येक बाजूस 30,000 पिक्सेल आणि एकूण 2 जीबी अशी मर्यादा आहे. 600 डीपीआयने घेतलेल्या प्रतिमेत 30,000 पिक्सेल म्हणजे 50 इंच. कागदाचे बंद एकमेकांस चिकटवून केलेली लांब गुंडाळी किंवा जुनी जन्मपत्रिका तुकड्यातुकड्यांनी टिपून सांधली, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तसेच, ए-4 आकाराचे एक पान 600 डीपीआय व 16 बिट रंगखोलीने घेतल्यास संकोचनापूर्वी सुमारे 209 एमबी होते. असे दहा पूर्ण थर रचले की 2 जीबीची सीमा येते. येथे पीएसबी हा फॉरमॅट उपयोगी पडतो. त्याची मर्यादा प्रत्येक बाजूस 3,00,000 पिक्सेल आहे.

काही वेळा दोष नसताच तो भासतो. जेपेगमध्ये थर राहू शकत नाहीत. म्हणून फोटोशॉपने 2021 मध्ये ‘प्रत जतन करा’ ही वेगळी आज्ञा दिली. गिम्पने 2012 मध्येच ‘जतन’ ही आज्ञा स्वतःच्या एक्ससीएफ फॉरमॅटपुरती राखून बाकीच्यांसाठी ‘निर्यात’ ठेवली. जेपेग यादीत न दिसणे हा बिघाड नव्हे. जतन करणे आणि प्रत काढणे यांतील तो भेद आहे.

या भेदाकडे दुर्लक्ष केल्यास होणारी हानी कोणत्याही संदेशाविना होते. जेपेग 8×8 पिक्सेलांच्या चौकटींत बारीक तपशील गाळतो, आणि बदल करून पुन्हा जतन केल्यावर ही गाळणी पुन्हा चालते. लहान आकाराच्या, कमी दर्जावर जतन केलेल्या प्रतिमेत फिकट अनुस्वार कागदाच्या डागात मिसळून जाऊ शकतो. मग ‘त्यांचा’ आणि ‘त्याचा’ यांतील निर्णय प्रतिमेवरून करता येत नाही. जतन न झालेली फाईल अभ्यासकाला निदान सावध तरी करते. चुकीच्या रूपात जतन झालेली फाईल पाठभेद निर्माण करते. यास्तव मूळ छायाप्रत टिफमध्ये अस्पर्शित ठेवावी, संपादन पीएसडी किंवा पीएसबीमध्ये करावे आणि जेपेग केवळ पाठविण्याच्या प्रतीपुरता वापरावा.